एक भयपट सुटा करून पाहताना

चार दिग्दर्शकांनी प्रत्येकी एक भयकथा चित्रित करायची आणि त्या चारही कथा बाहेरच्या एका कथेत ओवून पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट उभा करायचा, अशी आमची योजना होती. संकलनाची जबाबदारी माझ्याकडे होती. चारही कथांचे रश, म्हणजे न कापलेले कच्चे चित्रीकरण, माझ्या संगणकावर आले तेव्हा प्रत्येक कथा आपापल्या जागी चांगली होती, पण त्या एकापाठोपाठ लावल्या की लघुपट महोत्सवातले एखादे सत्र पाहत असल्यासारखे वाटे. एक कथा संपली की तिच्यात साचलेली भीतीही तिथेच विरून जाई आणि पुढच्या कथेला पुन्हा पहिल्यापासून चूल पेटवावी लागे. बाहेरची कथा आम्ही सर्वांत शेवटी लिहिली होती आणि तिचे चित्रीकरण व्हायचे होते, ही त्यातली जमेची बाजू. तेव्हा पहिला कट लावण्यापूर्वी याच प्रकारातला एखादा चित्रपट शॉटगणिक सुटा करून पाहावा आणि मगच आपल्या कथांना हात लावावा, असे मी ठरवले.

त्यासाठी मी रस्टी कन्डीफ यांचा 'टेल्स फ्रॉम द हूड' निवडला. २४ मे १९९५ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. कन्डीफ आणि डॅरिन स्कॉट यांनी तो मिळून लिहिला आणि दिग्दर्शक स्पाइक ली यांनी कार्यकारी निर्माता म्हणून त्यामागे आपले नाव व आपली संस्था उभी केली. ली यांच्या १९८८ मधल्या 'स्कूल डेझ'मध्ये कन्डीफ यांनी नट म्हणून काम केले होते, तर स्कॉट यांनी त्याआधीच, १९८७ मध्ये, एका भयकथासंग्रहपटाच्या लेखनात आणि निर्मितीत भाग घेतला होता, त्यामुळे या प्रकारातल्या खाचाखोचा त्यांना ठाऊक होत्या. खर्च सुमारे ६० लाख डॉलर, म्हणजे तिथल्या हिशेबाने माफक. या प्रकारातले देखणे चित्रपट पुष्कळ आहेत. ब्रिटनच्या अमिकस या चित्रपट कंपनीने १९६५ पासून दहाएक वर्षे असे चित्रपट सातत्याने काढले आणि त्यांतले दोन अमेरिकेतल्या ई. सी. कॉमिक्समधल्या भयकथांवर बेतलेले होते. मला ते आवडतात, पण त्यांतल्या बहुतेकांतून एखादी कथा काढून टाकली तरी चित्रपटाचे फारसे काही बिघडत नाही. 'टेल्स फ्रॉम द हूड'मधली एकही कथा काढता येत नाही आणि तिची जागाही बदलता येत नाही. हे कशामुळे होते, ते मला टेबलावर उलगडून पाहायचे होते.

आणखी एक कारण माझ्या व्यवसायातले होते. या चित्रपटाचे संकलक चार्ल्स बोर्नस्टाइन हे १९७८ च्या 'हॅलोवीन' या भयपटाच्या दोन संकलकांपैकी एक, आणि छायालेखक अँथनी रिचमंड यांनी १९७३ मध्ये 'डोन्ट लुक नाऊ' चित्रित केला होता. थांबून राहण्यातून भीती कशी निर्माण होते, हे ज्यांना आधीच नीट कळलेले होते अशा दोन माणसांचे हात या कामाला लागलेले होते.

काम सुरू करताना मी एक मोठी वही आखली. शॉटचा क्रमांक, लांबी, कॅमेऱ्याची हालचाल आणि आवाज हे रकाने कोणताही संकलक आखेल. त्यांच्याशेजारी मी आणखी दोन रकाने घातले: या क्षणी प्रेक्षकाला काय माहीत आहे, आणि जी गोष्ट माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे तिची पहिली खूण कोणत्या शॉटमध्ये दिसते. संपूर्ण चित्रपट आधी आवाज बंद करून पाहिला, नंतर पडदा झाकून फक्त ऐकला आणि त्यानंतर एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. हा क्रम मी सर्वांना सुचवीन. आवाज बंद असताना संकलनाचे सांधे उघडे पडतात आणि पडदा झाकला की दिग्दर्शकाने कोणत्या भीतीचे ओझे ध्वनीवर टाकले आहे ते कळते. या चित्रपटाच्या नावाने निघालेला संगीतसंग्रह त्या काळच्या रॅप गायकांचा होता, पण पार्श्वसंगीत ख्रिस्तोफर यंग या मुरलेल्या भयपट संगीतकाराचे आहे. डोळे मिटून ऐकताना रस्त्यावरचा ताल आणि जुन्या धाटणीचा वाद्यवृंद यांतला फरक फार स्पष्ट जाणवतो, आणि तो फरक म्हणजे चित्रपटाच्या स्वभावाचाच अर्धा भाग आहे.

वही भरू लागली तसे पहिल्यांदा लक्ष गेले ते बाहेरच्या कथेकडे. स्टॅक, बॉल आणि बुलडॉग हे तीन तरुण रात्री एका अंत्यसंस्कारगृहात येतात. तिथल्या सिम्स नावाच्या चालकाला अंमली पदार्थांचा साठा सापडलेला आहे आणि तो त्यांना विकत घ्यायचा आहे. सिम्स त्यांना आतल्या खोल्यांतून फिरवतो, एकेका शवपेटीपाशी थांबतो आणि त्या पेटीतल्या माणसाची कथा सांगतो. ही भूमिका क्लॅरेन्स विल्यम्स तिसरे यांनी केली आहे. केस विस्कटलेले, डोळे विस्फारलेले आणि प्रत्येक शब्द जिभेवर घोळवून बाहेर सोडण्याची लकब, यांमुळे त्यांच्यावरून नजर हटत नाही. पण माझ्या उपयोगाची गोष्ट त्यांच्या अभिनयापलीकडची होती. या बाहेरच्या कथेला स्वतःची ओढ आहे. त्या तिघांना माल हवा आहे, सिम्स तो देतो देतो म्हणत लांबवतो आहे, आणि प्रत्येक कथा म्हणजे त्या सौद्यातला एकेक अडथळा आहे. कथा संपून आपण त्या खोलीत परततो तेव्हा तिघांचा धीर आधीपेक्षा कमी झालेला असतो आणि ते अंत्यसंस्कारगृहाच्या अधिक आत शिरलेले असतात. म्हणजे चार कथा पुढे जात असताना पाचवी कथाही त्यांच्या खालून पुढे सरकत राहते. आमच्या पटकथेत बाहेरच्या कथेतली माणसे नुसती ऐकत बसली होती. त्यांना काही नको होते, म्हणून त्यांच्याकडे परतताना प्रेक्षकालाही काही नको असे.

मराठी वाचकाला या ठिकाणी वेताळ पंचविशी आठवल्याखेरीज राहणार नाही. स्मशान, प्रेत आणि कथा सांगणारा अमानवी निवेदक हे सारे तिथे आहे, आणि सोमदेवाच्या कथासरित्सागरात अकराव्या शतकातच ते पक्क्या रूपात आलेले आहे. राजालाही प्रेत योग्याकडे पोहोचवायचे असते आणि प्रत्येक कथा त्याला पुन्हा झाडापाशी नेऊन उभे करते. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शकले होतील, ही वेताळाची अट ऐकणाऱ्याला निव्वळ श्रोता राहू देत नाही. शेवटी राजाला उत्तर सुचत नाही, वेताळ प्रसन्न होतो आणि तो योगी तुझाच बळी द्यायला टपला आहे असे सांगून त्याला वाचवतो. निवेदकाला इतका वेळ ऐकणाऱ्याच्याच जिवाची गोष्ट सांगायची होती, हे तिथे अखेरीला उघड होते. 'टेल्स फ्रॉम द हूड'ची बांधणी याच जातीची आहे, फक्त सिम्स कोणाला वाचवायला बसलेला नाही.

पहिली कथा पोलिसांची आहे. क्लॅरेन्स हा नवा कृष्णवर्णीय पोलीस नोकरीच्या पहिल्याच रात्री आपले गोरे सहकारी मार्टिन मूरहाउस नावाच्या कृष्णवर्णीय नेत्याला मारहाण करत असल्याचे पाहतो. पोलीस खात्यातला भ्रष्टाचार बाहेर काढणारा हा माणूस त्या रात्री ठार होतो आणि अंमली पदार्थ पेरून त्याची बदनामीही केली जाते. वर्षभराने क्लॅरेन्स नोकरी सोडून दारूत बुडालेला असतो, मूरहाउसचा आवाज त्याला बोलावतो आणि तो त्या पोलिसांना थडग्यापाशी घेऊन येतो. लॉस एंजेलिसमध्ये ३ मार्च १९९१ रोजी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी केलेली मारहाण एका रहिवाशाने आपल्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपली होती. ती साऱ्या देशाने पाहिली, तरीही २९ एप्रिल १९९२ रोजी चार पोलिसांवरच्या खटल्यात एकालाही दोषी ठरवले गेले नाही आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत साठाहून अधिक माणसे मेली. चित्रपट आला तेव्हा या गोष्टीला तीन वर्षे झाली होती. त्यामुळे मारहाणीचा तो प्रसंग पाहताना तिथल्या प्रेक्षकाला कल्पनाशक्ती वापरण्याची गरज नव्हती. माझ्या वहीतल्या शेवटच्या रकान्याने मला इथे फार महत्त्वाची गोष्ट दाखवली. कथेतले खरे भय मूरहाउस थडग्यातून उठण्याच्या बऱ्याच आधी पूर्ण झालेले असते, आणि तो उठतो तेव्हा प्रेक्षकाला भीतीबरोबर एक प्रकारचा दिलासाही वाटतो. पुढे हेच प्रेत क्लॅरेन्सकडे वळते आणि मला गरज होती तेव्हा तू कुठे होतास असे विचारते, तेव्हा तो दिलासा काढून घेतला जातो. पाहत उभा राहणाराही सुटत नाही, हे पहिल्याच कथेत सांगून झालेले असते, फक्त ते तिघे तरुण ते आपल्यासाठी आहे असे समजत नाहीत. मूरहाउसचे काम करणारे टॉम राइट हे १९८७ च्या 'क्रीपशो २'मध्ये गाडीखाली चिरडल्यावरही पाठलाग करत राहणारा वाटसरू झाले होते. पुन्हा परतून येणाऱ्या मृताची भूमिका त्यांच्याच वाट्याला यावी, यात निवड करणाऱ्याची जाण दिसते.

दुसऱ्या कथेत वॉल्टर नावाचा लहान मुलगा अंगावर वळ घेऊन शाळेत येतो आणि घरी राक्षस येतो असे सांगतो. त्याच्या शिक्षकाचे काम स्वतः कन्डीफ यांनी केले आहे. राक्षस म्हणजे आईचा जोडीदार कार्ल, हे कळायला वेळ लागत नाही, आणि विनोदी नट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डेव्हिड अॅलन ग्रिअर यांना त्या भूमिकेत पाहणे हा जबर धक्का आहे. मुलगा चित्र काढतो, कागद चुरगळतो आणि ज्याचे चित्र असेल त्याचे शरीर तसतसे पिळवटत जाते. कागदाचा शॉट आणि शरीराचा शॉट आलटून पालटून येतात. पडद्यावर जे दिसते त्यातला मोठा वाटा प्रेक्षकाच्या मनात तयार होतो आणि तो तयार होण्यासाठी कागदाच्या शॉटची लांबी नेमकी हवी. कथा छोटी आहे, सरळ आहे, आणि तिथे मी फार वेळ घालवला नाही.

तिसऱ्या कथेवर मात्र मी सगळ्यांत जास्त काळ अडून राहिले. ड्यूक मेटगर हा दक्षिणेतला वर्णद्वेषी राजकारणी गव्हर्नरपदाची निवडणूक लढवत असतो आणि त्याने आपला मुक्काम गुलामांच्या काळातल्या एका जुन्या मळ्याच्या हवेलीत ठेवलेला असतो. ते काम कॉर्बिन बर्नसन यांनी केले आहे. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा माजी म्होरक्या डेव्हिड ड्यूक १९९१ मध्ये लुइझियानाच्या गव्हर्नरपदासाठी खरोखरच शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचला होता, हे लक्षात ठेवले तर या पात्रात अतिशयोक्ती किती कमी आहे ते कळते. त्या हवेलीत मारल्या गेलेल्या गुलामांचे आत्मे लहान बाहुल्यांमध्ये राहतात, अशी दंतकथा आहे. भिंतीवर मिस कॉब्ज या जादू जाणणाऱ्या वृद्धेचे तिच्या बाहुल्यांसह काढलेले भव्य चित्र आहे, आणि बाहुल्या जाग्या होऊ लागतात तशा त्या चित्रातून नाहीशा होत जातात. या बाहुल्यांना स्टॉप-मोशन पद्धतीने, म्हणजे एकेका फ्रेमसाठी हाताने हलवून, चालवण्याचे काम कियोडो बंधूंनी केले.

आमच्याही एका कथेत बाहुली होती. कोकणातल्या एका बंद घराची ती कथा होती आणि बाहुली सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांच्या वळणाची होती. ती संगणकावर चालवायची असे ठरलेले होते. मला मात्र कियोडो बंधूंच्या बाहुल्या फ्रेमगणिक पाहताना असे जाणवू लागले की त्यांची भीती त्यांच्या चालण्याच्या पद्धतीतच आहे. कॅमेरा चालत्या माणसाला टिपतो तेव्हा प्रत्येक फ्रेम सेकंदाचा साधारण अठ्ठेचाळिसावा भाग उघडी असते आणि तेवढ्यात हात हलला तर तो किंचित पुसट येतो. डोळ्याला ती पुसटता हवी असते. स्टॉप-मोशनमध्ये प्रत्येक फ्रेम स्थिर बाहुलीचे छायाचित्र असते, त्यामुळे एकही कड पुसट नसते, आणि ती हालचाल आपल्या जगातली नाही हे मेंदूला कळते. १९९३ मध्ये संगणकावरचे डायनोसॉर पडद्यावर आले होते, आणि १९९५ च्याच नोव्हेंबरात संपूर्ण संगणकावर बनलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला, तोही जिवंत होणाऱ्या खेळण्यांचाच. त्या वर्षी हाताने, एकेक फ्रेम हलवलेल्या या बाहुल्या जुन्या पद्धतीच्या मानल्या गेल्या असतील, पण आज मला त्याच जास्त घाबरवतात.

म्हणून मी स्वतः एक बाहुली उभी करून तिला चालवून पाहायचे ठरवले. ॲल्युमिनियमच्या तारेचे दोन पदर ड्रिल मशीनमध्ये धरून पिळले आणि त्याचा सांगाडा केला. कोपर, गुडघे आणि कंबर एवढ्या जागा मोकळ्या सोडून मधल्या हाडांवर एम-सील थापले, म्हणजे तार जिथे वाकायला हवी तिथेच वाकते. त्यावर स्पंज गुंडाळून दोऱ्याने आवळला. डोके जड असेल तर मान हळूहळू खाली येते आणि दोन फ्रेममधला तो केसभर फरक पडद्यावर ठळक दिसतो, म्हणून आत थर्माकोल आणि वर एम-सीलचा पातळ थर असे डोके केले आणि त्यावर रंग चढवला. खणाचे परकर-पोलके शिवले तेव्हा नवीच अडचण आली. दर फ्रेमला बोटे कापडाला लागतात, चुण्या बदलतात आणि चित्रपट चालवला की बाहुलीचे कपडे उकळत्या पाण्यासारखे खदखदताना दिसतात. कापडाच्या आतून ॲल्युमिनियम फॉइल चिकटवल्यावर चुण्या जिथल्या तिथे राहू लागल्या.

चालवण्याची खरी मेहनत पायांत असते. दोन्ही तळव्यांत नट बसवले, रंगमंच म्हणून वापरलेल्या प्लायवूडला जागोजागी भोके पाडली, आणि प्रत्येक पाऊल टेकले की टेबलाखाली जाऊन खालून स्क्रू आवळायचा. तो पाय घट्ट झाल्याशिवाय दुसरा उचलता येत नाही, नाहीतर बाहुली कलंडते. खिडक्या काळ्या कागदाने बंद केल्या, कारण उन्हाची तिरीप सरकली तरी चित्र लुकलुकते. साधा दिवा विजेच्या दाबाबरोबर मंद-तेज होतो, म्हणून बॅटरीवरचे एलईडी लावले. कॅमेऱ्यावर जुनी, हाताने छिद्र फिरवायची लेन्स बसवली, कारण नव्या लेन्सचे छिद्र दर वेळी अगदी त्याच मापाचे उघडत नाही. मी काळे कपडे घालत असे, म्हणजे माझ्या अंगावरून परावर्तित झालेला उजेड बाहुलीवर पडू नये. सेकंदाला चोवीस फ्रेम, आणि एक स्थिती दोन फ्रेम ठेवायची म्हटले तरी सेकंदाला बारा स्थिती होतात, म्हणजे तीन सेकंदांच्या चालीसाठी छत्तीस वेळा बाहुलीला हात लावायचा.

या कामातून मला कळलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे बाहुलीची स्थिरता. जिवंत माणूस उभा असतानाही किंचित डुलतो, बाहुली मात्र पूर्ण थिजलेली राहू शकते. दोन सेकंद काहीही न हलता ठेवलेली बाहुली जेव्हा केवळ दोन-तीन स्थितींत मान वळवते, तेव्हा पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. तीच मान सावकाश, हळुवार सुरुवात आणि हळुवार शेवट ठेवून वळवली तर ती गोड दिसते आणि भीती निघून जाते. हे हाताने केल्यावर पुन्हा मेटगरच्या हवेलीकडे वळले तेव्हा बोर्नस्टाइन यांनी काय केले आहे ते मला नव्याने दिसले. बाहुलीचे शॉट लहान आहेत, तिची हालचाल सुरू होते आणि ती पूर्ण होण्याआधी आपण मेटगरच्या चेहऱ्यावर जातो. परत येतो तेव्हा बाहुली दुसरीकडे असते. मधला प्रवास कोणी चित्रितही केलेला नाही, तो आपण मनात करतो. आणि जे दाखवायला सर्वांत स्वस्त होते, ते चित्रातले रिकामे झालेले कोपरे, त्यांनीच सर्वांत जास्त काम केले आहे. मेटगर अमेरिकेचा राष्ट्रध्वज हाती घेऊन त्या बाहुल्यांशी झुंजतो, या एका प्रतिमेत कन्डीफ यांचा राग किती नेमका उतरला आहे, याचे मला प्रत्येक वेळी आश्चर्य वाटत आले.

चौथी कथा फ्रेमगणिक पाहणे मला जड गेले. क्रेझी के हा तरुण टोळीवाला आपल्यासारख्याच कृष्णवर्णीय तरुणांना मारत आलेला आहे. तुरुंगातून त्याला एका प्रयोगशाळेत नेले जाते, तिथे त्याच्या शेजारच्या पिंजऱ्यात एक गोरा वर्णद्वेषी असतो आणि तो त्याचे कौतुक करतो, कारण तो मारतो तीच माणसे क्रेझी केदेखील मारत आला आहे. डॉ. कुशिंग ही शास्त्रज्ञ त्याच्यावर प्रतिमांचा मारा करते. त्या मालिकेत टोळीयुद्धातल्या खुनांच्या जोडीने जमावाने झाडांना लटकवलेल्या कृष्णवर्णीयांची खरी, ऐतिहासिक छायाचित्रे आहेत. टस्कगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेच्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात अमेरिकेत ४,७४३ माणसांना जमावाने असे मारले आणि त्यांतले ३,४४६ कृष्णवर्णीय होते. चित्रपट वेगाने चालू असताना ती छायाचित्रे डोळ्यांसमोरून निघून जातात. एकेक फ्रेम थांबवल्यावर लटकलेल्या देहांखाली उभे असलेले, कॅमेऱ्याकडे पाहणारे प्रेक्षक दिसतात. त्या दिवशी मी वहीत लांबीचे आकडे लिहिले आणि काम तिथेच थांबवले. संकलक म्हणून माझे मत असे झाले की ही मालिका एवढी वेगवान ठेवण्यात संयम आहे, कारण कोणतेही छायाचित्र जास्त वेळ ठेवले असते तर मृतांचे प्रदर्शन मांडल्यासारखे झाले असते. डॉ. कुशिंगचे काम करणाऱ्या रोझलिंड कॅश यांचे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निधन झाले. त्यांच्या आवाजातली थंड करुणा या कथेला तोलून धरते. क्रेझी केला आपली जबाबदारी मान्य करण्याची संधी दिली जाते आणि तो ती नाकारतो.

आता वहीतले रकाने एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्यावर चारही कथांचा क्रम उलगडला. पहिलीत अपराधी सत्तेतला आहे, बाहेरचा आहे, त्याच्यावर राग करणे त्या तिघा श्रोत्यांना सोपे आहे. दुसरीत तो घरात आहे. तिसरीत तो इतिहासातून आलेला आहे आणि त्याला गव्हर्नर व्हायचे आहे. चौथीत अपराधी त्यांच्यासारखाच आहे, आणि पेटीतल्या त्या माणसाला गोळ्या घालणारे हेच तिघे होते. प्रत्येक कथेबरोबर दोष श्रोत्यांच्या एकेक पाऊल जवळ येत गेलेला असतो. त्यानंतर त्यांना तीन पेट्या दाखवल्या जातात आणि त्यांत त्यांचेच देह असतात, तेव्हा तो धक्का कथानकातल्या कलाटणीपुरता राहत नाही, कारण पहिल्या कथेतल्या मृताचा प्रश्न आता त्यांना लागू झालेला असतो. सिम्स आपले खरे रूप दाखवतो आणि ते अंत्यसंस्कारगृह नरक होते. चौथी कथा आधी आणली असती तर हा हिशेब जुळला नसता. हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा समीक्षकांची मते विभागलेली होती. आता कृष्णवर्णीयांच्या भयपटांचा इतिहास सांगताना त्याचे नाव घेतल्याशिवाय कोणी पुढे जात नाही, आणि मला ते योग्य वाटते.

वही बंद करून मी आमच्या चारही दिग्दर्शकांना एकत्र बसवले आणि बाहेरची कथा नव्याने लिहावी असा आग्रह धरला. मूळ कल्पना मुक्कामी एस. टी. गाडीची होती: आडगावी रात्री थांबलेली गाडी, तिच्यात अडकलेले तीन प्रवासी आणि कथा सांगणारा वाहक. प्रवासी मेलेले निघावेत अशी सूचना एकाने केली, ती मी ठामपणे नाकारली, कारण ती उघडउघड उचल ठरली असती आणि आमच्या कथांना तिची गरजही नव्हती. त्याऐवजी आम्ही प्रवाशांना एकेक निकड दिली. एकाला पहाटेच्या आत कारखान्यावर पोहोचायचे आहे, कारण तो ऊसतोड मजुरांचा मुकादम आहे आणि आगाऊ पैशांची उचल घेतलेल्या मजुरांच्या एका टोळीला त्याला तिथे हजर करायचे आहे. आमच्या चार कथांपैकी एक ऊसतोडीला गेलेल्या बाईची होती. ती पहिल्या क्रमांकावर होती, कारण ती सर्वांत भीतिदायक आहे असे आम्हा सर्वांचे मत होते. ती आता शेवटी नेली. तिच्यातल्या मुकादमाचा चेहरा मूळ चित्रीकरणात फक्त पाठमोरा आणि अंधारात होता, त्यामुळे गाडीतला प्रवासी तोच आहे हे काहीही नव्याने चित्रित न करता सांगता आले.

बाहुलीची कथा दुसऱ्या क्रमांकावर ठेवली आणि तिच्यातली बाहुली हाताने चालवली. तिचे शॉट मी जितके लहान करता येतील तितके केले, एकाही शॉटमध्ये ती खोली ओलांडताना दिसत नाही. ऊसतोडीच्या कथेचा शेवट आणि गाडीतले परतणे यांच्यामध्ये संगीतकाराने एक लांब सूर दिला होता, तो त्याच्या संमतीने काढला. उसाच्या फडातल्या पाठमोऱ्या मुकादमावरून थेट गाडीतल्या त्याच्या चेहऱ्यावर कट आहे, आणि ध्वनीत फक्त वाहकाने त्याच्याकडे मागितलेले सुट्टे पैसे आहेत.